लहान कुत्र्याला गाडीतून नेताना कशाच्या आधी काय करायचं

लहान कुत्र्याला गाडीतून न्यायचं म्हणजे उचलायचं आणि मांडीवर घ्यायचं, बहुतेक घरांत एवढाच विचार होतो. मोठ्या कुत्र्याच्या मालकाला जागेचा प्रश्न सोडवावाच लागतो. चार-पाच किलोचा कुत्रा कुठेही मावतो, म्हणून त्याची सोय कुठेच केली जात नाही. तो कधी पुढे बसलेल्याच्या मांडीवर असतो, कधी मागच्या काचेखालच्या फळीवर, कधी चक्क गाडी चालवणाऱ्याच्या पोटाशी.

आधी एक हिशोब पाहू. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून थांबली, तरी आतलं न बांधलेलं सगळं त्याच वेगाने पुढे जात राहतं. सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडलेली वस्तू जमिनीवर जेवढ्या वेगाने आपटते तेवढाच हा वेग. गाडी ०.१ सेकंदात थांबली असं धरलं, तर ५ किलोच्या कुत्र्याला जागच्या जागी धरून ठेवायला ७० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. तोही अचानक. एवढी पकड कुणाच्याच हातात नसते. शिवाय धरणाऱ्याने स्वतः बेल्ट लावला नसेल, तर त्याच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये कुत्राच सापडतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. महागडं सामान आणूनही लोक चुकतात ते याच क्रमात: दार आधी उघडतं, पट्टा नंतर लागतो, प्रवास आज असतो आणि कॅरियर, म्हणजे कुत्र्याला न्यायची बंद पेटी किंवा पिशवी, काल संध्याकाळी आलेला असतो.

टप्पा १: कॅरियर की हार्नेस, हे ठरवा

माझं मत सरळ आहे. कुत्रा सहा-सात किलोंच्या आतला असेल आणि पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत कॅरियर बसत असेल, तर दुसरा पर्याय शोधत बसू नका. तिथे कॅरियरच्या पुढे सीटची पाठ असते, मागे मागच्या सीटची कड आणि खाली फरशी. उडून जायला वावच उरत नाही.

हार्नेस, म्हणजे कुत्र्याच्या छाती-पाठीभोवती बांधायचे पट्टे, कधी घ्यावा? कुत्र्याचं अंग लांब असल्यामुळे कॅरियर त्या जागेत बसत नसेल तेव्हा, किंवा सवय करूनही तो बंदिस्त जागेत जिवाच्या आकांताने धडपडत असेल तेव्हा. मात्र फिरायला नेताना घालतो तो हार्नेस आणि गाडीतला हार्नेस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फिरायच्या हार्नेसला कुत्र्याची ओढ सहन करायची असते, धडक नाही. गाडीसाठीच्या हार्नेसला छातीवर रुंद, गादी लावलेला पट्टा असतो, जोर पडणाऱ्या ठिकाणी शिवण दुहेरी असते आणि कड्या धातूच्या असतात.

‘क्रॅश टेस्टेड’ या शिक्क्यावर लगेच विश्वास ठेवू नका. लहान मुलांच्या सीटना असतं तसं सक्तीचं मानक बहुतेक देशांत या वस्तूंना लागू नाही, त्यामुळे हे दोन शब्द कुणीही छापू शकतो. चाचणी कुणी घेतली, किती वजनाच्या पुतळ्यावर घेतली आणि त्याचं चित्रीकरण दाखवतात का, हे विचारा. अमेरिकेतली ‘सेंटर फॉर पेट सेफ्टी’ ही संस्था हार्नेस, कॅरियर आणि क्रेट (पक्के पिंजरे) यांच्या धडक-चाचण्या घेते आणि उतरलेल्या वस्तूंना प्रमाणपत्र देते. असलं प्रमाणपत्र असलेली वस्तू मिळाली तर तीच घ्या.

राहिली ती सीटवर टांगायची टोपलीसारखी बूस्टर सीट. कुत्र्याला त्यातून बाहेरचं दिसतं, फोटोही छान येतात. पण ती बहुधा दोन पातळ पट्ट्यांवर लटकलेली असते आणि कुत्रा बांधायचा असतो तो त्या टोपलीलाच. जोराचा हिसका बसला की टोपलीसकट कुत्रा सुटतो. घेतलीच असेल तर कुत्र्याचा हार्नेस टोपलीला न अडकवता गाडीच्या सीटबेल्टला अडकवा.

सावध: गळपट्ट्याला दोरी बांधून ती सीटबेल्टला अडकवणं सगळ्यांत घातक आहे. साधा ब्रेक जोरात लागला तरी सगळा हिसका मानेवर बसतो. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिहुआहुआ अशा जातींची श्वासनलिका मुळातच नाजूक असते. गळपट्टा फक्त नावाची चकती लावण्यासाठी.

टप्पा २: मापं घ्या

अंदाजाने आणलेली वस्तू जवळजवळ नेहमी मोठी निघते. दुकानात ‘ऐसपैस’ म्हणजे चांगलं असं वाटतं. घरच्या पिंजऱ्याबाबत ते खरंही आहे. गाडीत मात्र जास्तीची जागा म्हणजे आतल्या आत आपटायची जागा.

कॅरियरसाठी दोन मापं लागतात. कुत्रा उभा असताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी आणि जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची. त्याला आत उभं राहता यावं, वळता यावं, अंग मुडपून झोपता यावं. त्यापलीकडे चार बोटं जागा पुरे. आता हीच टेप घेऊन गाडीत जा आणि पुढच्या सीटमागची रुंदी, खोली आणि मधल्या उंचवट्यापर्यंतचं अंतर मोजा. हे न मोजता कॅरियर आणला की तो एका बाजूने उंचवट्यावर चढून तिरका बसतो, आणि मग सगळा प्रवासभर कुत्रा उतारावर घसरत राहतो.

हार्नेससाठी पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्या. केसाळ कुत्र्याचे केस बाजूला सारून टेप अंगाला लावा.

तपासा: हार्नेस घातल्यावर प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं सपाट गेली पाहिजेत, त्याहून जास्त नाही. दहा मिनिटांनी पुन्हा बघा, कारण केस दबले की पट्टे सैल पडतात. मग कुत्र्यासमोर बसून हार्नेस हलकेच त्याच्या डोक्याच्या दिशेने ओढा. घाबरलेला कुत्रा मागे सरकून सुटतो, पुढे धावून नाही. या ओढण्यात कोपर आत जाऊन पाय सुटत असेल तर माप चुकलं आहे.

टप्पा ३: गाडी तयार करा

हे काम कुत्रा घरात असतानाच उरका.

जागा मागचीच. पुढच्या सीटसमोरची एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीचा विचार करून बनवलेली असते आणि ती पापणी लवायच्या आत फुगते. लहान कुत्रा तिच्या वाटेत असेल, तर धडकेत वाचेल आणि एअरबॅगने जाईल. कॅरियर पुढच्या सीटवर ठेवला म्हणूनही हा धोका टळत नाही.

कॅरियर शक्यतो चालकामागे न ठेवता दुसऱ्या पुढच्या सीटच्या मागे ठेवा. ती बाजू बहुधा रस्त्याच्या कडेला येते, त्यामुळे दार वाहनांच्या बाजूला उघडावं लागत नाही. कॅरियर ठेवल्यावर पुढची सीट सावकाश मागे घ्या, कॅरियर हलायचा थांबेल एवढीच. सीट विजेवर सरकणारी असेल तर बटण कुणाच्या हाताने चुकून दाबलं जाणार नाही हे पाहा, कारण मऊ कॅरियर सहज चेपतो.

इथे एक गोष्ट फारच कमी लोकांना माहीत असते. कॅरियर मागच्या सीटवर ठेवून त्यावरून सीटबेल्ट आवळणं सुरक्षित वाटतं, पण बहुतेक कॅरियर त्यासाठी बनवलेले नसतात. धडकेत बेल्ट लॉक होतो, कॅरियर पुढे झेपावतो आणि बेल्ट त्यालाच मधोमध दाबतो. प्लास्टिकचा असेल तर फुटतो, कापडी असेल तर आत असलेल्यासकट चुरगळतो. निर्मात्याने बेल्ट कुठून ओवायचा ते दाखवलं असेल आणि तसं तपासलेलं असेल, तरच बेल्ट वापरा. नाहीतर कॅरियरची जागा खालीच.

पायाजवळची जागा निवडली की गरम हवेकडे लक्ष द्या. बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटखालून मागे हवा सोडणारं तोंड असतं. हीटर लावला की ती थेट कॅरियरच्या जाळीवर येते. गाडी चालू करून तिथे पाचेक मिनिटं हात धरून बघा. थंड हवा तिथवर पोचते का, हेही याच वेळी कळेल.

हार्नेस वापरणार असाल तर दोरी छोटी ठेवा. कुत्रा बसू शकेल, आडवा होऊ शकेल, पण सीटच्या कडेपर्यंत पोचणार नाही, एवढीच. दोरी लांब असली तर तो कडेवरून खाली घसरून अधांतरी लटकू शकतो, आणि धडकेत पुढच्या सीटच्या पाठीवर आपटतो. ताणणारी रबरी दोरी याच कारणासाठी नको. गाडीचाच बेल्ट हार्नेसच्या पाठीवरच्या पट्ट्यातून ओवून लावता आला तर उत्तम. काही गाड्यांत मागचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढून सोडला की परत जाताना टकटक आवाज करत जागीच अडकतो. तुमच्या गाडीत ही सोय असेल तर वापरा.

बकलमध्ये खोचायची दोरी घेतली असेल तर लाल बटणाकडे बघा. बटण वर तोंड करून उघडं असेल तर कुत्र्याचा पाय पडून दोरी सुटते. बकल किंचित फिरवून सीटच्या बाजूला वळवा.

उरलेली कामं पटकन होतात. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावा. मागच्या काचांची बटणं चालकाच्या बाजूने बंद करा, कारण कुत्रे बाहेर बघायला पुढचे पाय दारावर ठेवतात तेव्हा नेमकं बटण पायाखाली येतं, आणि काच खाली तरी जाते किंवा मानेवर तरी येते. उन्हाच्या बाजूला जाळीचा पडदा लावा. सुगंधी फ्रेशनर काढून टाका. छत्री, बाटली, लॅपटॉप असं काहीही मागे सुटं ठेवू नका. आणि हँडबॅग! साखर नसलेल्या च्युइंगगममध्ये बहुधा झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असतो. त्याची एखादी गोळीही लहान कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. चॉकलेट, मनुका आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही विषारीच. बॅग कुत्र्याला पोचणार नाही अशी ठेवा.

टप्पा ४: सवय लावा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, आणि मग ‘आमच्या कुत्र्याला कॅरियर आवडत नाही’ असं सांगितलं जातं. गाडीत फक्त दवाखान्यात जाण्यासाठी बसणाऱ्या कुत्र्याला कॅरियर का आवडावा?

पहिले काही दिवस कॅरियर घरात उघडा ठेवा. दार काढता येत असेल तर काढूनच ठेवा. आत त्याचं रोजचं अंथरूण घाला, नवं कोरं नको. त्याचं जेवण आधी कॅरियरच्या तोंडाशी ठेवा, मग आत. तो आपणहून आत जाऊन झोपायला लागला की दार लावा, लगेच उघडा. हळूहळू वेळ वाढवा. नंतर कॅरियर उचलून घरात चार पावलं चाला. उचलताना खांद्याला लटकवून झुलवू नका, तळाला हात देऊन छातीशी धरा.

त्यानंतर उभ्या गाडीत बसवा, इंजिन बंद. मग इंजिन चालू, पण गाडी जागेवरच. मग गल्लीचं टोक आणि परत. मग दहा मिनिटं, आणि ती त्याच्या आवडीच्या ठिकाणी संपणारी.

पुढच्या पायरीवर कधी जायचं हे खाऊवरून ठरवा. आवडता खाऊ देऊनही तो तोंड फिरवत असेल तर तो घाबरलेला आहे, भुकेचा संबंध नाही. अशा वेळी एक पायरी मागे या. ओरडणं चालू असताना दार उघडू नका, हे खरं. पण मुळात ओरडायची वेळ येईपर्यंत ताणायचंच नसतं.

हार्नेसची सवयही अशीच. नुसता अंगावर घालून घरात फिरू द्या, मग सीटवर अडकवून शेजारी बसा.

टप्पा ५: निघण्याआधीचे काही तास

पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं पूर्ण जेवण निघण्याच्या तीन-चार तास आधी संपवायचं, हा नियम चांगला आहे. पण अगदी छोट्या जातींच्या पिल्लांना तो तसाच लावू नका. त्यांच्या अंगात साठा फार कमी असतो आणि जास्त वेळ उपाशी ठेवलं की साखर उतरते. पिल्लू थरथरतं, मलूल होतं, झोकांड्या खातं. त्यांना निघण्याच्या दीड-दोन तास आधी थोडंसं हलकं खायला द्या आणि वाटेतही घासभर देत राहा. नेमकं किती, ते पशुवैद्याला वजन सांगून विचारून घ्या.

पाणी कधीच बंद करू नका.

गाडी लागणाऱ्या कुत्र्याची लक्षणं उलटीच्या बरीच आधी दिसतात. तो सारखी जांभई देतो, ओठ चाटतो, गिळत राहतो, लाळ गाळतो. पिल्लांमध्ये कानातलं तोल सांभाळणारं अंग पुरतं तयार झालेलं नसतं, म्हणून त्यांना हा त्रास जास्त होतो आणि वाढत्या वयात बऱ्याचदा कमी होतो. उलटी थांबवणारं कुत्र्यांचं औषध मिळतं, ते प्रवासाच्या आधी ठरावीक वेळाने द्यावं लागतं. म्हणून डॉक्टरांना आदल्या आठवड्यातच गाठा. पहिला डोस लांबच्या प्रवासाच्या दिवशी देऊ नका. घरी असताना एकदा देऊन परिणाम बघा.

सावध: माणसांची प्रवासाची किंवा झोपेची गोळी अर्धी करून देणं, हा खेळ चार किलोच्या जिवाशी खेळू नका. गुंगी आली म्हणजे भीती गेली असंही नसतं, आणि गुंगीतला कुत्रा तोल सावरू शकत नाही.

पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांसाठी प्रवासाची वेळच बदला. त्यांना धापा टाकून अंग थंड करणं नीट जमत नाही. पहाटे निघा किंवा ऊन उतरल्यावर.

निघण्याच्या अर्धा तास आधी फिरवून आणा, शू-शी होऊ द्या, पाय कोरडे करा.

तपासा: गळपट्ट्याच्या चकतीवरचा नंबर तुमच्याबरोबर प्रवासात असणाऱ्या फोनचा आहे ना? घरच्या फोनचा असेल तर वाटेत हरवलेल्या कुत्र्यासाठी तो निरुपयोगी आहे. मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिच्याशी जोडलेला पत्ता-नंबरही ताजा करून घ्या. कुत्र्याचे अलीकडचे दोन फोटो फोनमध्ये असू द्या, एक समोरून, एक बाजूने.

बरोबर घ्यायचं सामान: पाणी आणि भांडं, दोन जुने टॉवेल, जादा पट्टा, लसीकरणाची कागदपत्रं, रोजची औषधं, पिशव्या, मुक्कामाच्या आणि वाटेतल्या पशुवैद्यांचे नंबर.

टप्पा ६: बसवण्याचा क्रम

१. कुत्रा घरातच असताना गाडी सुरू करून आतली हवा गार करून घ्या. हे काम मोकळ्या जागेत करा, बंद गॅरेजमध्ये नको.

२. आधी सामान आणि माणसं गाडीत, कुत्रा सगळ्यात शेवटी. उलट केलं तर दारं उघडमिट होत राहतात आणि तो त्या गडबडीत निसटतो.

३. कुत्र्याला पट्टा लावूनच गाडीपर्यंत न्या. तो अंगणातून रोज मोकळा येत असेल, तरीही.

४. दोन हातांनी उचला, एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली. काखेत हात घालून लटकत उचलू नका. स्वतः उडी मारून चढू-उतरू देऊ नका. छोट्या जातींच्या पुढच्या पायांची हाडं बारीक असतात आणि सीटच्या उंचीवरून उडी मारूनही मोडतात. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याच्या मणक्यालाही ती उडी महागात पडते.

५. कॅरियरमध्ये ठेवा, झिप किंवा कडी लावा, मग पट्टा काढून घ्या. कॅरियरमध्ये पट्टा अंगावर ठेवला तर तो गुंतून गळ्याला फास बसू शकतो. हार्नेस असेल तर आधी सीटची दोरी अडकवा, खटका ऐका, जोरात ओढून बघा, आणि त्यानंतर फिरायचा पट्टा सोडा.

६. दार लावताना शेपटी आणि पाय कुठे आहेत ते बघा.

तपासा: झिपची दोन टोकं एकमेकांना अडकवली का? डोक्याने ढकलून झिप उघडणारे कुत्रे बरेच असतात. एक छोटा हूक पुरतो.

टप्पा ७: गाडी चालू असताना

कुत्र्याकडे बघायचं काम चालवणाऱ्याचं नाही. मागे कुणी असेल तर त्याने बघावं. एकटेच असाल तर तो कितीही केकाटला तरी मागे हात घालू नका. पुढे सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि मग पाहा.

खिडकीबाहेर डोकं काढून वारा खाणारा कुत्रा बघायला छान वाटतो. पण खडीचा कण, किडा, काटकी त्या वेगाने डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते. काच दोन बोटं खाली, बस.

वळणावर वेग कमी करा, ब्रेक हळू दाबा. मागे बसून कधी वळणाचा अंदाज न येता प्रवास केला असेल तर कुत्र्याची अवस्था कळेल. त्याला तर हँडललाही धरता येत नाही. गाण्यांचा आवाज कमी ठेवा, मागचे स्पीकर बंदच केलेले बरे.

कॅरियरवर चादर टाकून अंधार केला की काही कुत्रे शांत होतात. पण चारही बाजूंनी झाकू नका आणि मधूनमधून आत हात घालून उकडत नाही ना ते बघा. पुढे तुम्हाला गार वाटतंय, म्हणजे खाली जाळीच्या आतही गार आहे असं नसतं.

टप्पा ८: थांबा आणि उतरवा

साधारण दोन तासांनी थांबा. पिल्लू किंवा म्हातारा कुत्रा असेल तर त्याआधीच.

कुत्रे हरवतात ते याच वेळी. प्रवासाने बावचळलेला कुत्रा, अनोळखी जागा, शेजारून जाणारी वाहनं आणि उघडं दार. घरी हाक मारली की धावत येणारा कुत्रा इथे येईलच असं समजू नका. क्रम असा ठेवा:

गाडी थांबवा, इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा. सगळी दारं बंदच. कुणीतरी आतल्या आत मागे वळून कुत्र्याला पट्टा लावावा आणि त्याचं टोक मनगटात अडकवावं. मग रस्त्याच्या कडेचं दार उघडायचं, सीटची दोरी सोडायची, उचलून खाली ठेवायचं. एकटे असाल तर मागच्या सीटवर जाऊन बसा, दार लावा आणि मग कॅरियर उघडा. त्यात अर्धा मिनिट जास्त जातो, जाऊ द्या.

डांबरावर ठेवण्याआधी हाताची पाठ जमिनीला पाच सेकंद लावून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही होणार नाही.

पाणी थोडं-थोडं पाजा. गटागटा प्यायलेलं पाणी पुढच्या वळणावर बाहेर येतं.

सावध: ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून त्याला गाडीत ठेवून जाऊ नका. बाहेर २४ अंश असताना बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत ३४ अंशांच्या आसपास आणि अर्ध्या तासात ४३ च्या पुढेमागे जातं. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. सावलीही सरकते. एसी चालू ठेवून गेलात आणि इंजिन बंद पडलं, तर तुम्हाला कळणार नाही; आतून कुत्र्याचा पाय पडून दारं लॉक झाल्याचे प्रकारही होतात. एकटे असाल तर जिथे कुत्र्यासकट आत जाता येईल तिथेच थांबा.

काही बिघडलंच तर

उष्माघात: धाप थांबत नाही, लाळ घट्ट आणि चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, मग उलटी आणि झोकांड्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ४१ च्या वर गेलं की जिवाला धोका. दवाखान्याकडे धाव घेण्याआधी थंड करायला सुरुवात करा. सावलीत घ्या, अंगावर साधं गार पाणी ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगाभोवती गुंडाळून ठेवू नका, तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता आतच कोंडतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तरतरी आली तरी डॉक्टरांकडे न्याच, कारण आतल्या अवयवांवरचा परिणाम काही तासांनी दिसतो.

साखर उतरलेलं पिल्लू: हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचं पाणी चोळा, ऊब द्या आणि थेट दवाखाना गाठा.

अपघात: कुत्रा कॅरियरमध्ये असेल तर कॅरियर उघडू नका. जखमी आणि भेदरलेला कुत्रा स्वतःच्या माणसालाही चावतो, आणि दार उघडताच रहदारीत पळतो. कॅरियरसकट उचलून न्या. हार्नेसमध्ये असेल तर आधी पट्टा लावा, त्याच्यावर टॉवेल टाका, मगच दोरी सोडा. वरून काही लागलेलं दिसलं नाही तरी त्याच दिवशी तपासून घ्या, छातीतली आणि पोटातली इजा लगेच कळत नाही. तो हार्नेस, दोरी किंवा कॅरियर मात्र पुन्हा वापरू नका. एका धडकेत शिवणी आणि कड्या ताणल्या जातात, बाहेरून तसं दिसत नाही. टाकून देताना पट्टे कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही.